चारी कोपऱ्यांचं कार्ड

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
शनिवार, २ जुलै १९८८

चि. कान्हा,

तुला एक आजी आहे. मनुबाई तिचं नाव. ठाण्याला राहते, बाजारात मासळी घेऊन बसते, आणि तुझे आईबाप गेल्यावर तिनंच तुला वाढवलं. आठवत नसेल म्हणून कळवते. पोरांकडून पाढे पाठ करून घेणारा मास्तर झालास आणि स्वतःच्या पिशवीतली पंधरा पोस्टकार्डं विसरलास? पत्ता कांतानं आधीच लिहून दिलाय, तुझ्या नाजूक मनगटाला कष्ट नकोत म्हणून. तू फक्त मागच्या अंगाला 'बरा आहे' एवढं लिहायचं आणि शाळेच्या भिंतीवरच्या लाल पेटीत टाकायचं. शाळा तुझी, भिंत तुझी, पेटी चार पावलांवर. तीन शनिवारांत एक कार्ड आलं. त्यावर काय, तर 'पाऊस खूप आहे.' पाऊस ठाण्यातही आहे रे. पावसाची खबर मला नको, तुझी हवी.

मला अक्षर येत नाही हे अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक आहे. पण पोस्टकार्डाचं एक अक्षर मला येतं. अर्नाळ्याची माझी बहीण जनाबाई वारली तेव्हा तिच्या घरून कार्ड आलं आणि इथं वाचणारं कुणी नव्हतं. बघते तर एक कोपरा फाडलेला. मग वाचायला राहिलं काय? माणूस गेल्याची खबर असली की कोपरा फाडूनच कार्ड टाकतात, आणि तसलं कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. तेव्हापासून कुणाचंही कार्ड आलं की मी आधी चारी कोपरे अंगठ्यानं चाचपते, मगच कांताला हाक मारते. तुझं ते पावसाचं कार्ड चारी कोपऱ्यांनी शाबूत होतं, म्हणून तुला माफ केलं.

तिकडे गवत आहे, ओल आहे. पायात बूट घालत जा. तुझा बाप कसा गेला ते मी दर पत्रात सांगायला नको. कोलंबीचं लोणचं संपलं असेल तर बरणी परत आण. काचेची आहे आणि माझी आहे.

तुझी आजी

(मी कांता. टेंभी नाक्यावरचे माझे टायपिंगचे क्लास सुटले की आजींकडे बसते आणि त्या बोलतात तसं लिहिते. 'मेल्या' चारदा आलं होतं, तेवढं गाळलंय.)


कोळंबपाडा, मार्गे खडवली
शुक्रवार, ८ जुलै

प्रिय आजी,

साष्टांग नमस्कार, आणि दोन्ही कान पकडतो. शाळा सुरू झाली, चारही वर्ग माझ्या एकट्याच्या गळ्यात, त्यात खोली गळते. तब्येत झकास आहे. बूट घालतो. लोणचं अजून आहे, वाटीत काढून ठेवलंय. शनिवारी कार्ड टाकीनच, शप्पथ.

कांताताई, इथून पुढचं आजीला वाचू नका. तुमच्याकडे काम आहे.

आमचा पोस्टमन सहदेव रोज पेटी उघडतो आणि थैली खडवलीला नेतो. परवा त्यानं आत हात घातला आणि ओरडतच मागं आला. पेटीत साप. पाऊण हात लांब, सुतळीहून जरा जाड, तपकिरी, अंगावर काळपट आडव्या रेघा. डोकं बोथट, डोळ्यांतली बाहुली मांजरासारखी उभी. अख्खा पाडा जमा झाला. "फुरसं आहे, ठेचा!" सहदेव काठी घेऊन तयार. मी म्हटलं, थांबा रे, फुरसं आखूड असतं, जाड असतं, अंग घासून करकर आवाज करतं. हा तर हूं का चूं करत नाही. छत्रीच्या टोकानं उचलला आणि हाताशी होती त्या बरणीत घातला. (हो, तीच बरणी.)

पेटीत ओल धरते, त्यामुळे आत बिनशंखाच्या गोगलगाई होत्या, बोटाएवढ्या, शेंबडासारख्या लिबलिबीत. त्यातली एक बरणीत टाकली. साहेबांनी मान लांब केली, तिला तोंडात धरलं आणि शेवई ओढावी तशी सावकाश आत घेतली. मी अर्धा तास बघत बसलेलो. आपल्या बाजूच्या सापांच्या पुस्तकात असला साप नाही. मुंबईला सापांचा अभ्यास करणारे एक सर आहेत, कॉलेजात असताना त्यांचं भाषण ऐकलेलं. सोबतच्या कागदावरचं पत्र त्यांना टाईप करून पाठवाल? माझं अक्षर बघून ते उत्तर द्यायचे नाहीत.

कान्हा


ठाणे
बुधवार, १३ जुलै

चि. कान्हा,

कागद अजून उरला होता आणि कांताचं वाचन संपलं. मला वाचता येत नाही, पण कागद कुठपर्यंत भरलाय ते दिसतं. मी म्हटलं, बाय, खाली एवढ्या मुंग्या चालल्यात, त्या काय म्हणतात? ती म्हणाली, काही नाही आजी, कामाचं आहे. मी म्हटलं, कामाचं असेल तर तुझा चहा का निवतोय? मग तिनं वाचलं. तुझं ते सरांचं पत्र तिनं सोमवारीच टाईप करून पाठवलंसुद्धा. मला विचारलंही नाही. तुम्ही दोघं शिकलेली माणसं मला घाबरून लपवता, आणि मी लपवण्याला घाबरते.

आता ऐक. दर पत्रात सांगायला नको म्हणाले होते, पण सांगते. गुणाजी, तुझा बाप, मिठागराच्या बांधावर गेला होता. तू दोन वर्षांचा. वीतभर जनावर त्याच्या पायाच्या अंगठ्याला लागलं. घरी आला तो हसतच. म्हणाला, "आये, गांडूळ चावलं." पहिला दिवस हसला. दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवला, तुला खांद्यावर घेऊन बंदरावर गेला. तिसऱ्या दिवशी राखुंडी लावताना हिरडीतून रक्त आलं, ते थांबेना. सहाव्या दिवशी गेला. फुरसं असं असतं, बाबा. त्याला घाई नसते. तेव्हापासून मी हसणाऱ्या माणसाला घाबरते, आणि तुझं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत हसतंय.

पाड्यातली माणसं फुरसं म्हणतात ना? ती जन्मभर त्या गवतात राहिली. तू जूनमध्ये गेलास. मग कोण खरं? ते जनावर लांब नेऊन सोड. मार म्हणत नाही, सोड. आणि पेटीत मूठभर मीठ टाक. मिठानं गोगलगाईचं पाणी होतं. गोगलगाय नाही तर साप नाही. मिठागराच्या कडेला जन्म गेलाय माझा, मिठाचं मला कळतं.

लोणचं वाटीत काढलं म्हणालास तेव्हाच मला कळायला हवं होतं. बरणी रिकामी करायला तुला दुसरं कारण काय असणार?

आजी

(कांता: माझी चूक झाली. चहा प्यायला हवा होता.)


कोळंबपाडा
रविवार, १७ जुलै

प्रिय आजी,

आता लपवत नाही. कांताताईंनी सगळं वाचावं, मुंग्यांसकट.

बरणीतली पानं रोज बदलावी लागतात. काल दुपारी पानं बदलली, एक गोगलगाय आत सोडली आणि हात बाहेर काढत होतो, तेवढ्यात त्यानं माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला तोंड लावलं. धरलं, जरा ओढलं, सोडलं. टाचणी टोचल्यासारखे ठिपके आहेत. सूज नाही, दुखत नाही. आणि गंमत बघ, संध्याकाळी सरांचं उत्तर आलं. पहिलीच ओळ: 'वर्णन वाचून मी चकित झालो आहे. साप बिनविषारी असावा, पण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही, तोवर कृपया हात लावू नका.' ती 'कृपया' चार तास उशिरा पोचली.

सर लिहितात की गोगलगाई खाणारे असे साप पार पूर्वेकडच्या डोंगरांतले समजले जातात. इकडं कुणी पाहिल्याची नोंद नाही. हा खरंच तोच असला तर आपल्या भागातली ही पहिली नोंद होईल. ते पुढच्या आठवड्यात येतात. म्हणून सोडत नाही, आजी. रागावू नकोस. मीठही टाकलं नाही. पेटी सरकारची आहे, मीठ टाकलं की गंजेल, आणि सहदेव माझ्या नावानं शंख करेल.

तू सहा दिवस मोजशील ते मला ठाऊक आहे. म्हणून उद्यापासून रोज एक कार्ड टाकतो. सोमवारपासून रविवारपर्यंत सात. तुझी सहाची मोजणी गुरुवारी संपते, मी वर तीन दिवस जास्त देतो. सातवं कार्ड हातात आलं की समज, गांडूळच होतं.

हसत नाहीये. बघ, या पत्रात एकदाही हसलो नाही.

कान्हा


ठाणे
सोमवार, २५ जुलै

कान्हा,

हे पत्र मी कुणाला पाठवते आहे तेच मला कळत नाही.

तुझं पत्र बुधवारी आलं. चार दिवसांपूर्वी चावलेलं मला बुधवारी चावलं. कांतानं वाचून संपवलं तेव्हा माझ्या हातात सुरमईचा तुकडा होता, तो तसाच राहिला, मांजर घेऊन गेलं. मी पहिलं विचारलं, "अक्षर त्याचंच आहे ना?" ती म्हणाली, "त्याचंच, एवढं घाण दुसऱ्या कुणाचं असणार?" मग मी जरा श्वास घेतला.

गुरुवारी सोमवारचं कार्ड आलं. चारी कोपरे. शुक्रवारी मंगळवारचं. चारी कोपरे. शुक्रवारी मी बाजारात बसले, गिऱ्हाइकाशी भांडलेसुद्धा. शनिवारी बुधवारचं यायला हवं होतं. नाही आलं. पोस्टमनला म्हटलं, थैली उलटी कर. त्यानं केली बिचाऱ्यानं. आज सोमवार, आजही नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, हे तुझे तीन दिवस कुठं आहेत? बोटांवर मोजते. शनिवार एक, रविवार दोन, सोमवार तीन, मंगळवार चार. चारपर्यंत तू आहेस. पाच आणि सहा मला दिसत नाहीत.

कांता म्हणते, नदीला पाणी आलं असेल, थैली अडकली असेल. तिचं खरं असेल. गुणाजीच्या वेळीही सगळे काही ना काही म्हणत होते आणि सगळ्यांचं खरं असेल असंच वाटत होतं.

हिरड्या बघ. आरशात बघ. आरसा नसला तर बादलीतल्या पाण्यात बघ. मीठ लावून दात घासू नकोस, चरचरतं, मग रक्त मिठाचं की कशाचं ते कळत नाही.

शिव्या राखून ठेवल्यात. तुझं कार्ड आल्यावर देईन.

आजी


ठाणे
बुधवार, २७ जुलै, संध्याकाळ

कान्हा,

कार्ड आलं.

दुपारी पोस्टमननं ओट्यावर ठेवलं आणि नेहमीसारखा थांबला नाही, पुढं गेला. मी अंगठा लावला. एक कोपरा, दोन, तीन. चौथ्याला हवा लागली.

मी ते आत घेतलं नाही. ओट्यावरच पाट्याखाली दाबून ठेवलंय, लिहिलेली बाजू खाली. कांता आली, हात पुढं करायला लागली. मी म्हटलं, खबरदार. ती म्हणाली, आजी, वाचून तर बघूया. मी म्हटलं, नाही. बाई, मला अक्षर येत नाही याचा जन्मात पहिल्यांदा उपयोग होतोय, तो माझ्यापासून काढून घेऊ नकोस. ते कार्ड वाचेपर्यंत माझा नातू आहे. वाचलं की पुढं काय ते मला ठाऊक आहे, मी एकदा केलंय.

म्हणून तुलाच पत्र घालते. कोपरा कुणी फाडला असेल? तूच तर फाडणार नाहीस. तुझ्या शाळेतल्या पोरांच्या आया असतील, त्यांना रीत ठाऊक असेल. पत्ता आधीच लिहिलेला होता ना कार्डावर. मीच सोय करून दिली. नाजूक मनगटाला कष्ट नकोत म्हणाले होते. ते बोलणं मला परत घ्यायचंय, कसं घ्यायचं ते कांताला येत नाही.

हिनं विचारलं, शिव्या लिहायच्या का? मी म्हटलं, लिही. गेलेल्या माणसाला कुणी शिव्या देत नाही. तेव्हा ऐक, मेल्या. गाढवा. माझी बरणी घालवलीस. सोड म्हटलं तर सोडलं नाहीस. मीठ टाक म्हटलं तर टाकलं नाहीस. बापावर गेलास, हसतोस. चहा सांडलाय माझा. उत्तर दे.

आजी

(कान्हा, मी कांता. या वेळी एकही शब्द गाळलेला नाही. पाट्याच्या कडेनं बघितलं, पत्ता माझ्याच अक्षरातला आहे आणि कोपरा खरंच नाही. पाट्याला हात लावायचं धाडस मला होत नाही. आजी ओट्यावर बसून आहेत, जेवायला उठल्या नाहीत. माझा भाऊ पंढरी उद्या पहाटेच्या कसारा गाडीनं खडवलीला उतरतोय, हे पत्र त्याच्याच हाती देते. कुणाच्या हातात पडेल ते माहीत नाही. ज्याच्या पडेल त्यानं कृपा करून चार ओळी लिहून पंढरीजवळ द्याव्यात. जय भीम.)


कोळंबपाडा
गुरुवार, २८ जुलै

आजी,

मी जिवंत आहे. आधी एवढंच वाचा, कांताताई, आणि दोनदा वाचा.

पंढरीदादा दारात उभा राहिला आणि त्यानं माझा कान धरून ओढला. म्हणाला, "खात्री करून ये म्हणालेत." खात्री झाली. कान अजून लाल आहे. बोट बरं आहे, ठिपकेही दिसत नाहीत. हिरड्या बरणीतल्या सापालासुद्धा दाखवल्यात, इतक्या वेळा बघितल्या.

कोपरा कुणी फाडला नाही. गोगलगाईनं खाल्ला. ती कागद खाते, ओला असला तर फार आवडीनं खाते. मला हे ठाऊक नव्हतं. सोमवारी पेटी उघडली तेव्हा आतल्या पाच कार्डांपैकी चारांचा लगदा झालेला, आणि एकाचा नुसता कोपरा गेलेला. सहदेवनं ते एक थैलीत टाकून दिलं, मला न सांगता; आज पंढरीदादा आल्यावर विचारलं तेव्हा बोलला. त्याला वाटलं, चांगलंच आहे की. साप पेटीत होता तोवर एका कार्डाला धक्का लागला नव्हता. तो आत बसून टपाल राखत होता आणि मी राखणदारच उचलून बरणीत घातला.

इथपर्यंत लिहून पेन खाली ठेवलेला. पुढचं न लिहिताही चाललं असतं. पण तू विचारशीलच की पाच कार्डं एकदम पेटीत कशी.

चावल्यावर दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात गेलेलो. बरणी दाखवली. डॉक्टर म्हणाले, असा साप मी पाहिला नाही, आठवडाभर हिरड्या बघ, लघवीचा रंग बघ, काही वाटलं तर धावत ये. हसत नाहीये असं तुला लिहिलं ना, ते खरं होतं. परत आलो आणि सातही कार्डं एका बैठकीत लिहिली. सोमवार, मंगळवार, बुधवार, रविवारपर्यंत. सगळ्यांवर 'बरा आहे'. सहदेवकडे दिली आणि सांगितलं, रोज एक थैलीत टाक, माझं काहीही झालं तरी टाक. मला वाटलं, तेवढे सात दिवस तरी तू बाजारात बसशील, भांडशील. दोन त्यानं टाकली. बुधवारी नदीला पाणी आलं, त्यानं उरलेली पाच पेटीत कोंबली आणि सासरवाडीला भातलावणीला निघून गेला.

सर सोमवारी आलेले. गुडघे दुखतात तरी खडवलीपासून चालत आले. बरणी बघितली आणि खाली मांडी घालून बसले ते उठेनात. तोच साप आहे. माणसाला त्याचं विष नाही. माझ्या बोटाला गोगलगाईचा चिकटा होता, त्यानं मला गोगलगाय समजून ओढून बघितलं, एवढंच. त्यांनी मापं घेतली, खवले मोजले, फोटो काढले. नोंद छापतील तेव्हा ठिकाण लिहिणार: कोळंबपाडा शाळेची टपालपेटी. फक्त साप मुंबईला नेऊन औषधाच्या बाटलीत ठेवावा लागेल म्हणतात, नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही. तो न्यायला पुढच्या शनिवारी परत येतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तू ओट्यावर बसलीस ते पंढरीदादानं सांगितलं. काय लिहू, आजी? माफ कर.

कान्हा


ठाणे
शनिवार, ३० जुलै

कान्हा,

पंढरी परवा दुपारी आला तो लांबूनच ओरडत, "आहे, आहे!" सगळा कोळीवाडा बाहेर आला. कांतानं तुझी पहिली ओळ दोनदा वाचली, मी तिसऱ्यांदा वाचायला लावली. मग पाटा उचलला. कार्डावर होतं 'बरा आहे' आणि रविवारची तारीख. तेही तीनदा ऐकलं. मग जेवले.

जेवल्यावर मात्र पुढचं नीट ऐकलं. सात कार्डं एका बैठकीत.

म्हणजे सोमवारचं कार्ड हातात घेऊन मी देवापुढं दिवा लावला तेव्हा तू सोमवारी होतास की नाही ते तुलाही ठाऊक नव्हतं. म्हणजे तू सहाव्या दिवशी गेला असतास तरी मला रविवारपर्यंत 'बरा आहे, बरा आहे' येत राहिलं असतं, आणि मी बाजारात बसून कोलंबीचा भाव करत राहिले असते. अरे, गुणाजी माझ्या मांडीवर गेला. ते सहा दिवस माझे आहेत, वाईट असले तरी माझे आहेत. तुझे सहा दिवस तू माझ्यापासून काढून घेणार होतास. कळतं का तुला? मला भीती वाटू नये म्हणून केलंस ना? भीती वाटायला दे रे. तेवढाच तर तुझा नि माझा धागा आहे, तू तिकडं आणि मी इकडं.

तुझ्याहून ती गोगलगाय खरी निघाली. अक्षरशत्रू आहे माझ्यासारखी, पण कार्डावर काहीतरी चुकलंय एवढं तिनं मला कळवलं. बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस. मीठ टाकलं असतंस तर तुझं खोटं चारी कोपऱ्यांनी माझ्या घरात आलं असतं.

सापाचं सांगते. मला त्याची भीती वाटते, अजून वाटते, काल कोलंबीच्या पाटीत दोरी दिसली तर किंचाळले. तरी त्याला बाटलीत घालू देऊ नकोस. सरांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, तुम्ही मापं घेतलीत, फोटो काढलेत, माझ्या नातवाचं बोटही त्यानं चाखून बघितलंय, आणखी किती पुरावा हवा? एक जीव खरा होता हे पटवायला त्याला मारायचं, हे मला अनाडी बाईला समजत नाही. नच पटलं तर त्यांना चेंदणीला पाठव, माझ्या ओट्यावर बसव, मी पटवते. साप परत पेटीत ठेव. पोस्टाचं काम तो सहदेवापेक्षा बरं करतो. बरणी आता मला नको. तिच्यात लोणचं घालायचा धीर नाही माझ्यात.

ते कोपरा गेलेलं कार्ड मी फाडलं नाही. कांता म्हणाली, असलं घरात ठेवत नाहीत. मी म्हटलं, असलं मेल्याचं ठेवत नाहीत, हे जित्याचं आहे. देवाच्या फळीवर ठेवलंय. पण पोस्टमनची सायकल वाजली की अजून माझा अंगठा गार पडतो. ते आता जायचं नाही.

आणि इथून पुढं कार्डं बंद. उरलेली कार्डं पोरांना चित्रं काढायला दे. कार्डावर माझा विश्वास उरला नाही, तुझ्यावर तर नाहीच. दर शनिवारी सकाळी तुमच्या रानातली करटोली तोड आणि खडवलीच्या दूधवाल्याच्या हाती पाठव, तो ठाण्याला उतरतो. स्वतः तोड, सहदेवाला सांगू नकोस. करटोलं आठवडाभर आधी तोडून ठेवता येत नाही, दुसऱ्या दिवशी पिवळं पडतं, तिसऱ्या दिवशी फुटतं. मी प्रत्येकाचा देठ मोडून बघणार आहे, ओला आहे की नाही. पावशेर पुरे, आम्ही दोघीच खाणाऱ्या. धुऊ नकोस. आणि एखाद्याला गोगलगाय चिकटलेली असली तर झटकू नकोस, येऊ दे.

तुझी आजी